ठिपका दहात पडला, एवढ्याने भागत नाही

‘लेझरचा ठिपका दहा गुणांच्या वर्तुळात पडला, म्हणजे ट्रिगर नीट दाबला गेला’ हे घरच्या घरी लेझरने करायच्या पिस्तूल-सरावावरच्या लेखातलं विधान पटलं नाही. काडतुसाच्या जागी बसणारा, त्याच आकाराचा लेझर फायरिंग पिनच्या (ट्रिगर दाबल्यावर काडतुसावर आदळणाऱ्या खिळीच्या) टोल्याने क्षणभरच पेटतो. तेवढ्यात ठिपक्याऐवजी रेघ उमटली, तर नळी हलली, मग ती दहात का असेना. रेघ दरवेळी एकाच बाजूला ओढली जात असेल तर बोट ट्रिगरवर कसं टेकतंय ते आधी तपासा. आणि ठिपका शोधायला नजर लक्ष्यावर नेऊच नका! ती पुढच्या साइटवरच, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवरच हवी. नोंद मोबाइलच्या कॅमेऱ्याला आणि त्यातल्या ॲपला करू द्या. खोलीत ५ मीटरच अंतर मिळत असेल तर २५ मीटर प्रिसिजन टार्गेटचं (२५ मीटरवरून नेम धरायच्या लक्ष्याचं) २०० मिमीचं काळं वर्तुळ ४० मिमीचं छापा, दहाचं १० मिमीचं.

आपल्या गोव्यात पावसाळ्यातल्या दमट हवेने बटण सेलवर गंज चढतो, लेझर मंद होतो आणि लोक ॲपला दोष देतात. सराव संपला की सेल काढून सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवा. बाल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओसरीत) मात्र हा सराव अजिबात नको: रस्त्यावरून पिस्तूल दिसतं, किरण कुणाच्याही डोळ्यात जाऊ शकतो. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात.