सदर संगणकावर गाणी वाजवू नयेत

परिपत्रक दोन वाक्यांचं होतं. 'कर्मचाऱ्यांनी वैयक्तिक गाण्यांच्या सीडी कार्यालयीन संगणकावर वाजवू नयेत. संगणक विभागाने तशी तांत्रिक व्यवस्था करावी.' पहिलं वाक्य सगळ्यांसाठी, दुसरं माझ्यासाठी, कारण आमच्याकडे संगणक विभाग म्हणजे मी. "लोकांनी कारण विचारलं तर काय सांगू?" असं मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "शिस्त."

आता गंमत अशी, की सीडी 1982 साली बाजारात आली ती मुळात गाणी ऐकण्यासाठीच. फायली, हिशेबाची सॉफ्टवेअर, प्रिंटरचे ड्रायव्हर ही मंडळी पुढे तिच्यात पोटभाडेकरू म्हणून राहायला आली. आणि आता पोटभाडेकरूंच्या सोयीसाठी मूळ मालकाला घराबाहेर काढायचं होतं, तेही माझ्या हातून.

सुरुवात सज्जनपणे केली. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या वहीत, 'नोड्राइव्हटाइपऑटोरन' नावाची एक नोंद असते. तिची किंमत 255 केली, की कुठलीही डिस्क घातल्यावर आपोआप काही सुरू होत नाही. सगळ्या मशीनवर फिरून तेवढं केलं. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क स्वतः माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "फार बरं केलंत. सीडी घातली की ती खिडकी उगाच मधे यायची." आणि जागेवर जाऊन त्यांनी प्लेअर हाताने उघडला.

मग ड्राइव्हचं चिन्हच लपवून टाकलं. ही सोय विंडोज देतं, पण त्यात लपतं ते फक्त चिन्ह. माणसाला ड्राइव्ह दिसत नाही, प्लेअरला व्यवस्थित दिसतो. परिणाम असा झाला, की अकाउंट्सच्या मॅडमना बिलांची सीडी काही केल्या उघडता येईना, आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर बासरी चालू. "तुम्ही नक्की काय बंद केलंत?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. चिन्ह परत आणलं.

यानंतर मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. ज्याला ऑफिसात सगळे सीपीयू म्हणतात तो डबा उघडला, की ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत गेलेली एक बारीक केबल तेव्हा दिसायची. चारच तारा: डावा आवाज, उजवा आवाज आणि दोन अर्थिंगच्या. ही काढली की गाणं फिरतं, पण ऐकू येत नाही. निदान जुन्या मशीनवर तरी. नव्या मशीनवरचा प्लेअर सीडीवरचे आकडे थेट डेटा केबलवरूनच उचलतो, त्याला या चार तारांची पर्वा नसते. म्हणजे शिस्त लागली ती फक्त जुन्या मशीनवाल्यांना. आणि जुनी मशीन कुणाच्या वाट्याला येतात हे कुठल्याही ऑफिसात सांगावं लागत नाही. ज्यांच्यावर कामाचा ढीग असतो आणि ज्यांना मागायची सवय नसते त्यांच्या. त्यांनी गाणी कधी लावलीच नव्हती.

शेवटी ड्राइव्हचा ड्रायव्हरच, म्हणजे विंडोजला तो चालवता यावा म्हणून असलेलं सॉफ्टवेअरच, बंद केला. रजिस्ट्रीत 'सीडीरॉम'च्या नोंदीत 'स्टार्ट'पुढे 4 लिहिलं, की विंडोजच्या लेखी ड्राइव्ह अस्तित्वातच राहत नाही. आता प्लेअर आंधळा आणि चिन्हही गायब. बिलांच्या सीडीसाठी माझ्या टेबलावरची एक मशीन मोकळी ठेवली. त्या दिवशी मी जरा ताठ चालत होतो.

दुपारी साहेबांचा फोन आला. "हेडक्लार्कांची मशीन बंद पडली आहे, बघा. बिचारे कधीचे काळ्या पडद्यासमोर बसून आहेत."

गेलो. पडद्यावर विंडोज नव्हतंच, कारण त्यांनी ते सुरूच होऊ दिलं नव्हतं. कानात हेडफोन, डोळे मिटलेले, मान लयीत. हेडफोनची वायर थेट ड्राइव्हच्या तोंडात गेलेली. तेव्हाच्या बऱ्याच ड्राइव्हच्या दर्शनी भागावर हेडफोनचं भोक, आवाज कमीजास्त करायचं चाक आणि वाजवायचं बटण असायचं. त्याला विंडोज लागत नाही, पासवर्ड लागत नाही, माझी परवानगी तर नाहीच नाही. वीज मिळाली की पुरे. हेडक्लार्कांनी एक डोळा उघडला. "तुमचं ते 4 फार छान आहे हो. आता मधेच एरर येत नाही."

मन रमवायला मी वाचन सुरू केलं आणि जरा बरं वाटलं. गाण्याच्या डिस्क संगणकात चालू नयेत म्हणून खुद्द संगीत कंपन्यांनी पैसा ओतला होता. 2002 मध्ये अशा एका बंदोबस्ताला लोकांनी डिस्कच्या कडेला साध्या मार्करने रेघ मारून गुंडाळलं. 2003 मध्ये प्रिन्स्टनच्या एका विद्यार्थ्याने दुसरा बंदोबस्त शिफ्टचं बटण दाबून धरून चुकवला. माझी हार त्या मानाने खूपच सन्माननीय होती. पुढे 2005 मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या डिस्कनी तर लोकांच्या मशीनमध्ये चक्क रूटकिट, म्हणजे लपून बसणारं सॉफ्टवेअर, बसवलं. नावाची सुरुवात विशिष्ट अक्षरांनी झाली की फाइल अदृश्य, मग ती त्यांची असो की व्हायरसची. बोभाटा झाल्यावर डिस्क परत मागवाव्या लागल्या.

म्हणजे बंदीला एक खरं कारण होतं! आमच्याकडे तर हिशेबाचं सॉफ्टवेअर चालावं म्हणून जो तो अॅडमिन, म्हणजे मशीनवर काहीही बसवायची मुभा असलेला. असलं काही बसायला मैदान मोकळं. पण ही घुसखोरी आपोआप सुरू होण्याच्या जोरावर चालायची, आणि ते दार माझ्या त्या 255 ने पहिल्याच दिवशी लागलं होतं. सगळ्यांत उपयोगी काम तेच, आणि त्याचं कौतुक करणारा एकटा हेडक्लार्क. मी हे सगळं साहेबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तो तांत्रिक भाग झाला. आपला मुद्दा शिस्तीचा आहे."

तेव्हा मग ड्राइव्हच्या विजेच्याच तारा काढल्या. त्याही चारच: पिवळी, लाल, दोन काळ्या. ड्राइव्ह मेले. तासाभरात लोक रांगेत उभे, कारण वीज गेल्यावर ट्रे उघडत नाही आणि ज्याची त्याची डिस्क आत. ट्रेखालच्या बारीक भोकात सरळ केलेली यूपिन खुपसून मी एकेक ट्रे बाहेर ओढला. डिस्कचा ढीग झाला, पण परिपत्रकामुळे एकही कुणाची निघेना. "ही? माझी नाही बुवा, आधीच्या माणसाची असेल." ढीग टेबलावर सोडून मी पाणी प्यायला गेलो. परत आलो तर टेबल स्वच्छ.

आता ऑफिस शांत होईल अशी साहेबांची कल्पना होती. पण हेडफोन होते तोवर निदान हेडक्लार्क मुकाट्याने ऐकत. आता ते गातात. मोठ्याने, तालाच्या मागे आणि सुराच्या जवळपास. तिसऱ्या ओळीपासून शब्द आठवत नाहीत, तिथे अकाउंट्सच्या मॅडम मदत करतात.

साहेबांची चिठ्ठी आली: 'हे बंद करण्याची तांत्रिक व्यवस्था करावी.' मी उलट टपाली शेरा मारला: 'सदर यंत्रणा कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक मालकीची असून कार्यालयीन विजेवर चालत नाही. सबब या विभागाच्या कक्षेबाहेर.'