जीपीएस पाण्याखाली चालत नाही

नात्यातल्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला. मजकूर थोडक्यात असा: 'खोल समुद्रातल्या सबमर्सिबलला मोबाईलसारखाच जीपीएस असतो. टायटनचं लोकेशन जहाजावर दिसत होतं, पण लपवलं. शिवाय दिवे-कॅमेरे असतात, वाट चुकेलच कशी?' खाली खानापूरच्या मामांनी विचारलं, "सबमर्सिबल म्हंजे बोअरातली मोटारच की?" आमच्या तालुक्यात या शब्दाचा दुसरा अर्थ कोण काढणार! इथं मात्र सबमर्सिबल म्हणजे वरच्या जहाजाच्या भरवशावर माणसं घेऊन खोल समुद्रात उतरणारी छोटी पाणबुडी. टायटन त्यातलीच एक; बुडालेलं टायटॅनिक जहाज बघायला गेली आणि वाटेतच फुटली.

जीपीएसचं आधी बघू. उपग्रहाचा सिग्नल मुळातच क्षीण, त्यात खारं पाणी तो काही सेंटिमीटरांत गिळतं. गोडं पाणीही फार दया दाखवत नाही. जुना मोबाईल काचेच्या बरणीत घालून, तळाला खडे भरून मी परसातल्या हौदात हातभर खाली सोडला. नकाशावरचा निळा ठिपका थोड्या वेळानं राखाडी झाला, म्हणजे ठाव तुटला. जीपीएस असतो तो वरच्या जहाजाला.

खाली चालतो तो आवाज. समुद्रात त्याचा वेग सेकंदाला साधारण १,५०० मीटर, हवेतल्या चौपटीहून जास्त. जहाज खाली 'टुक्' करतं, सबमर्सिबलवरचं यंत्र ओ देतं. जाऊन-येऊन लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. जहाजाच्या बुडाला जवळजवळ बसवलेल्या 'कानां'पैकी कुणाला ती ओ आधी पोचली, त्यावरून दिशा. टायटॅनिक आहे ३,८०० मीटरवर, म्हणजे उत्तर यायलाच पाच सेकंद. एवढ्या खोलीवर दिशा एक अंशानं चुकली तर जागा ६६ मीटरनं सरकते. त्यात तापमान आणि खारेपणा बदलला की आवाजाचा वेग बदलतो, वाटही वाकते. म्हणून आधी पाणीच मोजावं लागतं. याहून नेमकेपणा हवा तर समुद्रतळावर ओ देणारी यंत्रं ठेवून, त्यांच्यापासूनची अंतरं मोजतात. मधल्या वेळात वळण टिपणारा जायरो आणि तळावरून परतणाऱ्या आवाजानं वेग सांगणारं यंत्र अंदाज धरून ठेवतात, पण चूक साचत जाते. खोली मात्र सोपी: दर १० मीटरला साधारण एक वातावरणाएवढा दाब वाढतो.

दिव्यांचं काय सांगावं? त्यांनी समोरची काही मीटर माती दिसते. ती माती समुद्रात कुठली, हे दिवा सांगत नाही.

लपवल्याच्या आरोपात अर्धं खरं आहे, ते मानतो. जहाजाला टायटनचा माग लागत होता, आवाजावरूनच. १८ जून २०२३ ला शेवटचा ठाव लागला तो ३,३४६ मीटरवर. मग संदेशही थांबले आणि मागही. टायटनचे अवशेष २२ जूनला टायटॅनिकच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुमारे ५०० मीटरवर सापडले. शेवटच्या ठावाची ही माहिती अमेरिकी तटरक्षक दलानं २०२४ च्या चौकशीत सगळ्यांसमोर मांडली. याला लपवणं कसं म्हणायचं?

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मामांचं उत्तर आलं: "बरं. आमची मोटार बोअरात अडकलीया, तिला 'टुक्' करून बघतोस काय?"