‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो

संगणकाला नेमके काय झाले आहे हे पाहण्याआधीच ‘फॉरमॅट मारावा लागेल’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावे लागेल, असे सांगून मोकळे होणाऱ्या दुरुस्तीवाल्यांबद्दल आजवर मी गप्प बसलो होतो, पण या एप्रिलमध्ये माझ्या सख्ख्या मामांचे वर्षभराचे हिशेब ज्या बेफिकिरीने पुसले गेले, ते पाहिल्यानंतर गप्प बसणे मला शक्य नाही.

मामांचा सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचा छोटा कारखाना आहे. यंत्रमागांच्या शेडला लागूनच पत्र्याची केबिन आहे आणि तिथल्या टेबलाखाली आठ वर्षांचा जुना डेस्कटॉप आहे. बिले, सुताची खरेदी, व्यापाऱ्यांकडची उधारी, सारे काही त्याच्यावरच्या टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून तो दुपारी बारानंतर अतिशय संथ चालू लागला आणि दोन-तीन वेळा आपोआप बंद पडला. सकाळी मात्र नीट चालायचा. दुपारी बिघडतो आणि सकाळी चालतो, एवढे एकच वाक्य नीट ऐकले असते तरी जाणकार माणसाला अर्धे निदान तिथेच झाले असते. नव्या पेठेतल्या दुकानातून आलेल्या मुलाने ते ऐकले नाही. त्याने संगणक उचलून नेला, संध्याकाळी फोन केला, ‘मालक, फॉरमॅट मारून दिलाय, आता पळतोय बघा,’ असे सांगितले आणि सहाशे रुपये घेतले.

संगणक नेण्याआधी त्याने मामांना एकच प्रश्न विचारला होता : ‘डीमध्ये काही आहे का?’ सी आणि डी हे डिस्कचे कप्पे, आणि विंडोज असते ते सीमध्ये. या प्रश्नाचा मला सर्वांत जास्त राग आहे. साठी ओलांडलेल्या आणि उभे आयुष्य मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला सी कोणता आणि डी कोणता हे ठाऊक असण्याचे काय कारण? मामा म्हणाले, ‘आमचं फक्त टॅली आहे.’ टॅलीचा डेटा मुद्दाम दुसरीकडे हलवला नसेल तर सी ड्राइव्हवरच असतो, हे रोज दहा संगणक हाताळणाऱ्या दुकानाला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. उत्तर समोर असताना त्यांनी सी ड्राइव्ह पुसला. जाब विचारायला गेलो, तेव्हा ‘आम्ही विचारलं होतं’ एवढेच ऐकवण्यात आले.

आता बिघाड काय होता ते सांगतो. मी संगणकाच्या पेटीचे झाकण उघडले तेव्हा प्रोसेसरवरच्या, म्हणजे मुख्य चिपवरच्या, पंख्याखाली कापसाच्या तुसाचा जाड थर बसलेला होता, अगदी रजईच्या अस्तरासारखा, आणि त्याखालची थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता बाहेर वाहून नेणारा लेप, वाळून खडूसारखी झाली होती. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो, त्यात पत्र्याची केबिन आणि शेजारी माग. हवेला वाटच नसेल तर प्रोसेसर तापतो, तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो, आणि तरीही उष्णता वाढत राहिली तर संगणक बंद पडतो. विंडोज शंभर वेळा नव्याने टाकले तरी पंख्यातले तूस निघणार नाही. फॉरमॅटनंतर तिसऱ्याच दुपारी मामांचा संगणक पुन्हा बंद पडला, यात नवल ते काय?

मी ब्लोअरने तूस उडवले (हे करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो वाऱ्याने भन्नाट फिरून खराब होऊ शकतो), जुनी पेस्ट पुसून नवी लावली आणि पेटी जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवली. अर्ध्या तासाचे काम आणि पेस्टच्या नळीचे दीडशे रुपये. ज्या शहरात घरोघरी आणि गल्लोगल्ली माग चालत आले, त्या शहरातल्या दुरुस्तीवाल्याने पंख्यातले तूस सर्वांत आधी पाहायला नको का?

बरे, फॉरमॅट करणे अटळ होते असे क्षणभर धरून चालू. तरीही त्याआधी हार्ड डिस्क काढायची, शंभर-दोनशेच्या किरकोळ केबलने दुसऱ्या संगणकाला जोडायची आणि सगळ्या फाइली उतरवून घ्यायच्या, हा या धंद्यातला पहिला धडा आहे. विंडोजमध्येच वैयक्तिक फाइली राखून नव्याने बसवण्याची सोय आहे, तिला ‘कीप माय फाइल्स’ म्हणतात. प्रोग्राम त्यातही जातात, म्हणून तिच्या आधीही प्रत काढायचीच. पण त्याला वेळ लागतो, आणि पेनड्राइव्ह लावून डिस्कचे कप्पे सरळ उडवणे त्याहून सोपे असते. गिऱ्हाइकाची वर्षाची मेहनत आणि दुकानदाराचा तासभर यांत दुकानदाराने स्वतःचा तास वाचवला, आणि याला मी सरळ सरळ बेजबाबदारपणा म्हणतो.

हार्ड डिस्क घाईने फॉरमॅट केली तरी डेटा लगेच नष्ट होत नाही. फक्त कोणती फाइल कुठे आहे याची नोंद जाते आणि मूळ मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. म्हणून मला थोडी आशा होती. परंतु त्यांनी त्याच डिस्कवर विंडोज, ऑफिस आणि न मागितलेले आणखी काय काय टाकून वीस-पंचवीस जीबी जागा नव्याने लिहून ठेवली होती. दोन रात्री पुसलेल्या फाइली शोधणारा रिकव्हरी प्रोग्राम चालवून काही फोटो आणि पीडीएफ परत मिळाले. टॅलीच्या फाइली मिळाल्या त्या तुटलेल्या, एकही उघडली नाही. डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी नवी डिस्क, असती तर तेवढेही हाती लागले नसते, कारण पुसलेली जागा ती स्वतःहून साफ करते.

यावर कडी म्हणजे टाकलेले विंडोज चोरीचे होते. मामांच्या संगणकासोबत अधिकृत विंडोज होम आले होते. त्याचा परवाना त्या संगणकाच्या मदरबोर्डशी, म्हणजे आतल्या मुख्य पट्टीशी, जोडलेला असतो आणि तीच आवृत्ती पुन्हा टाकली तर इंटरनेट मिळताच ती आपोआप सक्रिय होते. हा परवाना विकत घेतलेला असताना त्यांनी त्यावर ॲक्टिव्हेटर (परवाना नसताना विंडोज सक्रिय करणारा चोरटा प्रोग्राम) मारलेले विंडोज प्रो चढवले आणि तो ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस बंद करून ठेवला. ज्या यंत्रावरून मामा बँकेचे व्यवहार करतात त्या यंत्राचे दार असे उघडे टाकून वर पैसे घेतले!

मामांनी बॅकअप ठेवायला हवा होता, हे मला कोणी सांगू नये. पेनड्राइव्हवरची शेवटची प्रत दिवाळीतली होती, ही चूक झालीच आणि ती मामांनी मान्य केली. परंतु त्यांच्या चुकीने दुकानदाराला पुसण्याचा परवाना मिळत नाही.

एकतीस मार्चला वर्ष संपले होते आणि हिशेब सीएकडे जायचे होते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने नोंदी जपून ठेवाव्या लागतात. जीएसटीच्या पोर्टलवर भरलेल्या विवरणपत्रांतून नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीची बिले उतरवता आली, खरेदीही बरीचशी सापडली. मात्र कोणत्या व्यापाऱ्याने किती दिले आणि किती बाकी आहे, हे कोणत्याही पोर्टलवर नसते. टॉवेलचा धंदा उधारीवर चालतो. मामांना आता एकेका व्यापाऱ्याला फोन करून ‘तुमच्याकडे आमचे किती निघतात?’ असे विचारावे लागते, आणि समोरचा सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो. सारा जन्म ज्यांनी कोणापुढे मान खाली घातली नाही, त्यांना हे करताना मी केबिनमध्ये बसून पाहिले आहे.

रोज रात्री माग बंद झाल्यावर मामा पावत्यांची पिशवी उघडतात, एकेक कागद वाचून दाखवतात आणि मी टॅलीत नोंद करतो. दिवाळीनंतरचे जानेवारीपर्यंतचे महिने कसेबसे झाले आहेत. फेब्रुवारी आणि मार्च अजून तसेच पडून आहेत.