पोर्ट्रेट काढून घ्यायचंय ना, मग चेहरा राहू द्या की

आज दुपारी एका ग्रुपवर ओळखीच्या बाईंनी आईचं पेन्सिल पोर्ट्रेट टाकलं. वाढदिवसाचं गिफ्ट. हात चांगला आहे काढणाऱ्याचा, लगेच कळतं. पण खाली काय लिहिलंय, तर चित्रकाराच्या मागे लागून लागून सगळं दुरुस्त करून घेतलं, सुरकुत्या काढायला लावल्या, हनुवटीखालचं कमी करून घेतलं, रंग उजळ करून घेतला, आणि एवढं करताना त्याला उशीर झाला म्हणून उरलेल्या पैशातले कापले. हे अभिमानाने लिहिलंय हं. खाली टाळ्यांची रांग. तिथे बोलले असते तर ग्रुप फुटला असता, म्हणून इथे बोलतेय.

पेन्सिलच्या चित्रात रंग उजळ करा म्हणजे काय हो? ग्रॅफाइटमध्ये, म्हणजे पेन्सिलच्या शिशात, गोरा काळा काही नसतं, कागद पांढरा असतो आणि त्यावर छटा असतात. उजळ करा म्हणजे गालावरची छटा खोडा. ती खोडली की गाल सपाट, नाकाची बाजू गायब. आणि तसंच झालंय त्या चित्रात, काकूंचा चेहरा इस्त्री केलेला दिसतोय, डोळे तेवढे त्यांचे आहेत. काकूंना मी चांगली ओळखते. हसल्या की डोळ्यांच्या कडेला ज्या रेषा पडतात ना, त्याच तर काकू आहेत. त्याच काढून टाकल्या.

माझ्या आत्याची डावी पापणी उजवीपेक्षा खाली होती, जन्मापासूनच. फोटो काढायचा म्हटलं की ती हटकून मान वळवून तो डोळा लपवायची, त्यामुळे समोरून असा फोटो जवळजवळ नाहीच. ती गेल्यावर मी तिचं पोर्ट्रेट काढून घ्यायचं ठरवलं. आतेभावाने, म्हणजे दादाने, कपाटं धुंडाळून एक फोटो दिला, त्यात ती कुणाशी तरी बोलता बोलता अचानक वर बघतेय. मी तो पाठवला. चित्रकार मुलीचा पहिला मेसेज आला, 'ताई, डावी पापणी खरंच खाली आहे की सावली पडलीय?' बाकी काही नाही, ना साईझ, ना फ्रेम, आधी पापणी. मला तिथेच ती पोरगी आवडली.

मी लिहिलं, खरंच खाली आहे. दादाने मागून फोन हिसकावून टाईप केलं, 'पण सरळ करून टाका.'

आता हे 'करून टाका' फार सोपं वाटतं लोकांना. अहो, ते ॲप नाहीये, कागद आहे. कागदाला खरखरीतपणा असतो, त्यात ग्रॅफाइट धरून बसतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा खोडलं की तो पृष्ठभाग मरतो, चकचकीत होतो, मग त्यावर पेन्सिल नीट बसतच नाही, कितीही सिक्स बी, म्हणजे मऊ गडद पेन्सिल, घासा. म्हणून तर शहाणे चित्रकार आधी कच्चं स्केच दाखवतात, काय सांगायचंय ते तेव्हा सांगा म्हणतात. तेव्हा 'छान छान' म्हणायचं आणि शेडिंग पूर्ण झाल्यावर हनुवटी कमी करा म्हणायचं, आणि वर उशीर झाला म्हणून पैसे कापायचे! उशीर कुणामुळे झाला? लाज वाटायला पाहिजे खरं तर.

हो, मान्य, पैसे देणाऱ्याला बोलायचा हक्क आहे. ॲडव्हान्स घेऊन गायब होणारेही आहेत आणि फोटोवर फिल्टर मारून प्रिंट काढून 'हाताने काढलंय' म्हणून विकणारेही आहेत, तेही मान्य. पण या बाईंच्या चित्रकाराने यातलं काय केलं होतं?

आणि हा आजार आजचा नाही म्हणा. विन्स्टन चर्चिलच्या ८० व्या वाढदिवसाला, १९५४ साली, ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ग्रॅहम सदरलंड नावाच्या चित्रकाराकडून त्याचं पोर्ट्रेट काढून घेतलं. सदरलंडने समोर जो थकलेला, जड म्हातारा बसला होता तो काढला. चर्चिलने भर समारंभात त्या चित्राला आधुनिक कलेचा उल्लेखनीय नमुना म्हणून टोमणा मारला, सगळे हसले, आणि पुढे त्याच्या बायकोने ते चित्र गुपचूप नष्ट करवलं. गंमत म्हणजे सदरलंडने आधी केलेली स्केचेस राहिली आहेत, म्हणजे म्हातारा काही लपला नाहीच. जॉन सिंगर सार्जंट तर श्रीमंतांचा लाडका पोर्ट्रेटवाला, पण साधारण १९०७ पासून त्याने तैलरंगातल्या पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेणं जवळपास बंदच केलं, त्यानंतर कोणी आलं की बहुतेक कोळशाने काढून द्यायचा, बरेचदा एका बैठकीत. कंटाळला होता बिचारा. मला त्याचं काहीच आश्चर्य वाटत नाही.

तर पापणी. त्या मुलीने वाद घातला नाही, भाषण दिलं नाही. दादाच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही डोळे सारखे करून कच्चं स्केच पाठवलं. आम्ही सगळे फोनवर वाकलो. नाक तिचं, ओठ तिचे, केसांची ती कपाळावर येणारी बट तिची, आणि बाई भलतीच कुणीतरी. दादा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, 'ही आईची बहीण वाटते.' आईला बहीण नव्हती.

मग त्यानेच मेसेज केला, पापणी खाली घ्या.

पूर्ण झालेलं चित्र मी जवळून बघते अधूनमधून. उजव्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका पूर्ण आहे, डाव्यात पापणीने अर्धा कापलाय. तो ठिपका पांढऱ्या रंगाने दिलेला नाही, मी विचारलं होतं, ती म्हणाली कणकेसारखं मळता येणारं रबर असतं त्याचं टोक करून तेवढंच ग्रॅफाइट उचललंय. एवढ्याशा अर्ध्या ठिपक्यात आत्या आहे. ती अशीच बघायची, तुम्ही काहीतरी थाप मारताय हे तिला कळलंय आणि ती अजून काही बोललेली नाही, असं.

हे लिहिता लिहिता जरा शांत झालेय. त्या बाईंनाही आई तरुण दिसावी असं वाटलं असेल, त्यात वाईट काही नाही. कुणाचा शेवटचा फोटो नाकात नळी असलेलाच असतो, ती नळी काढायला सांगितली तर मी कोण बोलणार, काढाच. पण नळी वेगळी आणि सुरकुती वेगळी. नळी त्या माणसाची नव्हती.

नाही पण, फोटोवरून आठवलं, परत डोकं तापलं. लोक फोटो काय पाठवतात! लग्नाच्या ग्रुप फोटोतल्या मागच्या रांगेतलं डोकं, त्यात डोळे म्हणजे दोन काळे ठिपके, तोही व्हॉट्सॲपवरून फिरून फिरून चुरगळलेला, आणि मग म्हणायचं 'डोळे तसे आले नाहीत.' कुठून येणार? चित्रकाराने मनाने काढले. मूळ फाईल द्या, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एका बाजूने उजेड असलेला फोटो शोधा. हात लांब करून काढलेला सेल्फी देऊ नका, त्यात नाक कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ असतं म्हणून आहे त्यापेक्षा मोठं येतं, आणि मग बिल त्याच्या नावावर फाडता. सेल्फी आरशासारखा उलटा सेव्ह झालाय का तेही बघा, नाहीतर भांग दुसऱ्या बाजूला जाईल. आणि चित्र हातात आलं की फ्रेमवाल्याला मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, काच कागदाला चिकटता कामा नये. थेट उन्हात लावू नका. एवढं केलंत तरी चित्रकारावर उपकार होतील, सुरकुत्यांचं तो बघेल.

आमच्याकडे आता नवीनच सुरू झालंय. आतेबहिणीला पण तेच चित्र हवंय, सेम टू सेम. ती मुलगी म्हणाली नवीन काढून देईन पण सेम होणार नाही, हाताने काढलंय ना. तर आतेबहीण म्हणते वेगळं असेल तर मला पहिलं द्या आणि दादाने दुसरं घ्यावं. दादा म्हणतो पापणी मी खाली घ्यायला लावली. दोघांचे मिस्ड कॉल आहेत, मी फोन सायलेंटवर टाकलाय.