आईला रात्रभर बसवून आणलं, कारण तिकिटावर 'फर्स्ट' लिहिलं होतं

गेल्या वर्षी आई दादाकडून माझ्याकडे आली. लॉस एंजेलिसहून रात्री साडेदहाचं विमान, सकाळी पावणेसातला न्यूयॉर्क. आई 74 वर्षांची आहे, कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी बजावलंय की सलग बसायचं नाही, मध्ये मध्ये आडवं व्हायचं. म्हणून दादाने पूर्ण सपाट होणाऱ्या सीटचं तिकीट काढलं. इकॉनॉमीच्या जवळजवळ पाचपट पैसे गेले. तो म्हणाला, जाऊ देत, आई झोपून येईल.

व्हीलचेअरबरोबर जायला गेट पास मिळतो, तो घेऊन दादा गेटपर्यंत गेला. तिथे कळलं की विमान बदललंय. ठरलेल्या विमानात काही बिघाड होता, त्याऐवजी दुसरं आलं. त्यात पुढच्या भागात साध्या रिक्लायनर सीट होत्या, म्हणजे रुंद, मऊ, थोड्या मागे झुकणाऱ्या. दादाने विचारलं, आता काय? काउंटरवरचा माणूस सौजन्याने बोलत होता, पण उत्तर ठरलेलं होतं. तुमचं तिकीट फर्स्टचं आहे आणि आम्ही फर्स्टमध्येच बसवतोय. वर्ग बदललेला नाही, त्यामुळे परत द्यायचं काही नाही.

सकाळी मी तिला घ्यायला गेले. घरी आल्यावर मोजे काढले, तर घोट्याच्या वर बोट बुडेल इतका खोल वळ. सपाता पायात जाईनात. ती तक्रार करणारी बाई नाही. एवढंच म्हणाली, "अगं, झोप नसती लागली तरी चाललं असतं. पाठ तेवढी टेकवायची होती."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून हे लिहितेय.

या सीटबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की लोक चैनीवरच येतात. शॅम्पेन, रजई, चार प्रकारची चीजं, वेगळा लाउंज. "पाच-सहा तासांसाठी पलंग कशाला हवा?" हेही हमखास ऐकू येतं. दिवसा न्यूयॉर्कहून पश्चिमेला जाणाऱ्या माणसाने हे विचारलं तर मी त्याच्याच बाजूची आहे. दिवसाउजेडी सहा तास पुस्तक वाचायचं, खिडकीतून रॉकी पर्वत बघायचे, त्याला सपाट सीट लागत नाही. रिक्लायनरमध्ये मजेत जातं. तिथे हजार डॉलर जास्त घालणं मला पटत नाही.

पण परतीची रात्र वेगळी असते. पूर्वेकडे येताना वारा पाठीशी असतो, म्हणून प्रवास पाच-सव्वापाच तासांचा, आणि घड्याळ तीन तास पुढे पळतं. पश्चिमेच्या हिशोबाने पहाटे पावणेचारला तुम्ही उतरता आणि बाहेर लोक ऑफिसला निघालेले असतात. या फ्लाइटला रेड-आय म्हणतात ते उगाच नाही. टेकऑफ आणि लँडिंगला सीट सरळ ठेवावीच लागते, म्हणजे आडवं व्हायला मिळतात जेमतेम चार तास. त्यातही क्रूने जेवणाचे ट्रे फिरवले की आणखी अर्धा तास जातो. (माझ्याकडून विचाराल तर टर्मिनलवरच खाऊन घ्या, आणि बसल्या बसल्या सांगून टाका की मला उठवू नका.) त्या चार तासांसाठीच माणूस पैसे मोजतो. बाकी सगळी सजावट.

आणि सपाट म्हणजे काय, हे अमेरिकन कायद्याला नीट ठाऊक आहे. लांबच्या फ्लाइटवर जादा पायलट असतात, ते आळीपाळीने विश्रांती घेतात. त्या विश्रांतीच्या जागेचे एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, नियमांत तीन वर्ग केलेत. पहिल्यात सपाट झोपता आलं पाहिजे. दुसऱ्यात सपाट किंवा जवळजवळ सपाट. तिसऱ्यात, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गात, सीट निदान 40 अंश मागे झुकली पाहिजे आणि पाय-पावलांना आधार पाहिजे. ड्युटीचे तास किती वाढवता येतील हे या वर्गावर ठरतं. म्हणजे झोपणं वेगळं आणि मागे रेलणं वेगळं, हे लेखी मान्य आहे. देशांतर्गत फर्स्टमधल्या बहुतेक रिक्लायनरना पायाखाली आधारच नसतो. मग पायलटच्या बाबतीत जो फरक इतका काटेकोर मोजला जातो, तो तिकीट विकताना एका 'फर्स्ट' या शब्दाखाली कसा गडप होतो?

एकाच मार्गावर, एकाच कंपनीची सकाळची फ्लाइट सपाट सीटची आणि रात्रीची रिक्लायनरची असू शकते. विमान कोणतं आहे यावर सगळं अवलंबून. मोठ्या, सीटच्या ओळींमधून ये-जा करायला दोन वाटा असलेल्या विमानांत बहुधा सपाट सीट मिळतात, बोइंगच्या 737 मध्ये बहुधा नाहीत, आणि एअरबसच्या ए321 मध्ये दोन्ही प्रकार आहेत. हे माहीत असायला माणूस विमानांचा शौकीन हवा. माझी आई काय, दादालाही माहीत नव्हतं.

2024 मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने रिफंडचा नियम कडक केला. फ्लाइट रद्द झाली किंवा तिच्यात मोठा बदल झाला आणि प्रवाशाने तो नाकारला, तर पैसे आपोआप परत. खालच्या वर्गात बसवणं हाही त्यात मोठा बदल धरलाय. चांगलाच नियम आहे. पण तो वर्गाबद्दल बोलतो, सीटबद्दल नाही. दादाला काउंटरवर नेमकं तेच ऐकवलं गेलं. शिवाय रात्री दहा वाजता व्हीलचेअरवर बसलेली 74 वर्षांची बाई नकार देऊन जाणार कुठे? माझं म्हणणं सरळ आहे. सपाट सीट हा वेगळा वर्ग धरा, तिकिटावर तसा शब्द छापा, आणि तो दिला नाही तर प्रवासी त्याच विमानाने गेला तरी फरकाची रक्कम न मागता परत करा.

जागेचा खर्च खरा आहे, तो मी नाकारत नाही. अमेरिकन एअरलाइन्सने 2014 मध्ये न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोसाठी ए321 ची खास आवृत्ती आणली, त्यात सगळ्या मिळून 102 सीट होत्या. त्याच कंपनीच्या साध्या ए321 मध्ये 190 बसतात. शिवाय प्रत्येक सीटला 16 जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट जोराच्या, धक्क्याची चाचणी द्यावी लागते, डोकं कुठे आपटेल तेही तपासतात. हे स्वस्तात होत नाही. पण भाव अगदीच दगडावरची रेघ नाही, हेही 2014 मध्येच दिसलं. जेटब्लू या विमान कंपनीने मिंट नावाची वरची श्रेणी सुरू केली, 16 सपाट सीट, एका बाजूचं सुरुवातीचं भाडं 599 डॉलर. बाकीच्यांचे दर तेव्हा त्याच्या कितीतरी वर होते.

माझी दुसरी इच्छा त्याच्याच पुढची आहे. रेड-आयवर नुसतं आडवं होणं विका. जेवण नको, लाउंज नको, दोन बॅगा नकोत. एअर न्यूझीलंड कितीतरी वर्षांपासून इकॉनॉमीतल्या तीन सीटचे पायाचे भाग वर उचलून पलंगासारखं करून देतं. पूर्ण उंचीचा माणूस त्यात ताणून झोपू शकत नाही, पण माझी आई पाच फूट आहे. तिच्यासारख्या किती आया या देशात या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर लेकरांकडे जात-येत असतात!

या मार्चमध्ये मी स्वतः जाऊन तिला घेऊन आले. या वेळी सीट खरोखरच सपाट होती. बटण दाबलं तशी बैठक पुढे सरकली, पाठ हळूहळू खाली गेली, पाय समोरच्या पोकळीत. ती पोकळी अरुंद असते, गुडघे दुमडून कुशीवर झोपणाऱ्याला अडचण होते, आणि आई कायम कुशीवर झोपते. थोडी चुळबुळ केली, मग गुडघ्यांमध्ये उशी घेतली, शाल डोक्यावरून ओढली. पाच मिनिटांनी तिचा हात सीटच्या कडेवरून खाली लोंबत होता, बोटं सैल. मी तो उचलून शालीत घातला, तिला कळलंसुद्धा नाही. न्यूयॉर्कला उतरताना व्हीलचेअर आली होती, तरी विमानाच्या दारापर्यंत ती स्वतः चालत गेली.

गेल्या वर्षीच्या प्रकाराची तक्रार आम्ही आधी कंपनीकडे केली. माइल्स (पुढच्या तिकिटाला वापरता येणारे पॉइंट) देऊ केले, पैसे नाही. मग वाहतूक खात्याकडे केली, त्यांचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो. कुणाला असाच अनुभव आला असेल तर भरा, आणि खाली कमेंटमध्येही लिहा. आईवडिलांसाठी असं तिकीट काढत असाल तर बुकिंगच्या दिवशीच विमानाचा प्रकार आणि सीट मॅप यांचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, त्यात सीट सपाट होते असं जिथे लिहिलंय तो भागही येऊ द्या. नंतर विमान बदललं की साइटवर नवा मॅप दिसतो, जुना राहत नाही. आमच्याकडे जुना नव्हता.