नवी कोरी, १९५८ ची

जॅझमास्टर नावाची एक इलेक्ट्रिक गिटार आहे. फेंडर कंपनीने ती १९५८ साली काढली, खास जॅझवाल्यांसाठी. कंपनीची त्या वेळची सगळ्यात महागडी गिटार हीच. बसून वाजवताना मांडीवर नीट बसावी म्हणून तिची कंबर एका अंगाला सरकवलेली. त्यामुळे ती बसस्टॉपवर एका पायावर भार टाकून ताटकळलेल्या माणसासारखी दिसते. एवढा सगळा घाट घातला आणि जॅझवाल्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते आपल्या पोकळ, गरगरीत पोटाच्या गिटारी कुरवाळत बसले.

लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे, त्यामुळे तो वाजवणाऱ्यांना विचारून विचारून गिटारी करायचा. या खेपेला बहुधा जॅझवाले सोडून सगळ्यांना विचारलं असावं.

गिटार उचलली ती समुद्रावरच्या पोरांनी. दक्षिण कॅलिफोर्नियात साठीच्या दशकाच्या सुरुवातीला लाटांवर फळ्या घेऊन पडणाऱ्यांचं एक संगीत निघालं होतं, त्यात ही फिट्ट बसली. ती लाट ओसरली आणि हिचेही दिवस फिरले. १९८० साली तर उत्पादनच बंद. तोवर ती गहाणवटीच्या दुकानांत धूळ खात पडली होती, आणि ज्यांच्या खिशात फेंडरच्याच लोकप्रिय स्ट्रॅटोकास्टर गिटारीचे पैसे नव्हते अशा पोरांच्या हाती लागली. टेलिव्हिजन नावाच्या बँडचा टॉम व्हर्लेन, १९७७ च्या पहिल्याच रेकॉर्डच्या वेष्टनावर ती गळ्यात घालून उभा राहिलेला एल्विस कॉस्टेलो, पुढे सॉनिक यूथ हा बँड, डायनॉसॉर ज्युनियर या बँडचा जे मॅस्किस. ही मंडळी नावारूपाला आली आणि आमच्यासारख्यांची पंचाईत झाली. कारण स्वस्त म्हणून गाजलेली ती जुनी गिटार आता चांगल्या वापरलेल्या मोटारीच्या भावात जाते.

त्यावर उतारा म्हणजे रीइश्यू. तोच आकार, तीच सोनेरी पत्र्याची पाटी, तारांची थरथर टिपणारे तेच चपटे रुंद पिकअप, आणि वर 'लिमिटेड एडिशन' असा शिक्का. २०१८ साली जॅझमास्टरची साठी झाली तेव्हाही कंपनीने खास आवृत्ती काढली होती; साठीशांतीचं होमहवन तेवढं राहिलं. मी तेव्हा घराचा हप्ता भरत होतो. या वेळी १९५८ ची हुबेहूब निघणार म्हटल्यावर मात्र ठरवलं, घ्यायचीच. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनला, जिथे ही जन्मली, तिथून हाकेच्या अंतरावर राहायचं आणि घरात जॅझमास्टर नाही, हे काही बरं दिसत नाही. (हा युक्तिवाद मी घरी मांडून पाहिला आहे. बायको म्हणाली, डिस्नेलँडही जवळच आहे.)

लिमिटेड एडिशनची विक्री म्हणजे तत्काळचं तिकीट. रविवारी सकाळी दहाला खिडकी उघडणार. नेमकी ती मुलीच्या मराठी शाळेची वेळ. आतून पोरांची बाराखडी ऐकू येतेय आणि बाहेर पार्किंगमध्ये मी फोनवर बोटं आपटतोय. गिटार टोपलीत पडली, कार्डाचा नंबर गेला, आणि पत्त्याच्या रकान्यात फोनने आपणहून माझा आकुर्डीचा जुना पत्ता भरला. तो खोडून नवा घालेपर्यंत वर्गात ज्ञ झाला होता आणि इकडे माल संपला होता.

प्रतीक्षायादीत नाव टाकलं आणि विसरायचा प्रयत्न केला. मग एके दुपारी दुकानातून फोन आला. एका गिऱ्हाइकाचा बेत फिसकटला आहे, संध्याकाळपर्यंत येऊन बघत असाल तर ठेवतो. त्या गिऱ्हाइकाच्या घरी कळलं असणार, दुसरं काय.

बाबा म्हणाले, मीही येतो, घरात बसून कंटाळलोय. बाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांचं सगळं आयुष्य किर्लोस्करवाडीत लेथवर गेलं. गिटारशी त्यांचा संबंध नाही, पण धातूचा कुठलाही तुकडा समोर आला की ते चष्मा पुसायला घेतात.

दुकानदार पोराने पेटी उघडली. बाबांनी वाकून पाहिलं.

"ही वापरलेली दिसते."

"नवी आहे, बाबा. रंग मुद्दाम घासून, कडा उडवून तिला जुनी करतात."

"कोण करतं?"

"कारागीर. १९९५ पासून चाललंय हे."

"पगार देऊन?"

"हो तर."

शेजारीच त्याच जातीची एक बिनघासलेली, चकचकीत गिटार टांगलेली होती. बाबांनी दोन्हींवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. चकचकीत स्वस्त होती. त्यांनी चिठ्ठ्या अदलाबदल झाल्यात का, ते पुन्हा पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या आईला हे सांगू नको. पुढच्या खेपेला बॅगेत पोचे आलेली पातेली भरेल."

मी वाजवायला बसलो. गिटारच्या दुकानात गिटार वाजवून बघण्याइतका अपमान दुसरीकडे फुकट मिळत नाही. पलीकडच्या स्टुलावर शाळेच्या गणवेशातलं एक पोरगं डोळे मिटून असलं काही वाजवत होतं की मला येत असलेलं सगळं, म्हणजे तीन गाण्यांच्या सुरुवाती, डोक्यातून पुसलं गेलं. मग मी जॅझमास्टरवर बिनकौशल्याची जी एक गोष्ट करता येते ती केली. हिच्या ब्रिजच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, मागे तारांची बरीच लांबी मोकळी राहते. तिथे नख मारलं की किणकिणाट होतो. सॉनिक यूथने त्याच्यावर कला उभी केली. मी तो दोनदा केला.

"वाजवतोयस की तपासतोयस?" बाबांनी विचारलं.

तेवढ्यात माझं मनगट वरच्या अंगाच्या छोट्या सरकत्या बटणाला लागलं आणि आवाज गोधडीत गेला.

"बिघडली?"

"नाही नाही, ती सोय आहे. जॅझवाल्यांसाठी मंद आवाज."

"ते तर घेतच नाहीत म्हणालास ना?"

"हो."

"मग बाकीचे या बटणाचं काय करतात?"

"काही जण त्याच्यावर चिकटपट्टी लावतात."

हे मी चेष्टेने बोललो नव्हतो. सॉनिक यूथच्या थर्स्टन मूर आणि ली रॅनाल्डो यांच्या नावाने २००९ साली जॅझमास्टर निघाल्या, त्यांत हे बटण मुळातच काढून टाकलं होतं. पण १९५८ ची हुबेहूब म्हटल्यावर ते हवंच. चिकटपट्टी आपली आपण आणायची.

बाबा एव्हाना ब्रिजपाशी पोहोचले होते. ब्रिजवर तारा टेकायला सहा बारीक दंडगोल असतात, त्यांवर स्क्रूसारखे आटे पाडलेले. जोरात तार छेडली की ती एका आट्यातून उडून शेजारच्या आट्यात जाऊन बसते, ही जॅझमास्टरची सगळ्यात जुनी ख्याती. पूर्ण ब्रिजही आपल्या दोन खुंट्यांवर थोडा डोलतो. तसाच तो योजलेला आहे. मी लिओच्या बाजूने वकिली केली: १९५८ साली लोक जाड तारा लावायचे, त्यांचा दाब भरपूर, त्या कशाला उडतील? आपण बोटं दुखतात म्हणून बारीक तारा लावतो, आणि नावं ब्रिजला ठेवतो.

"मग ज्यांना बारीक तारा लावायच्या ते काय करतात?"

"दुसरा ब्रिज विकत घेऊन बसवतात."

"म्हणजे हा हुबेहूब ब्रिज पैसे देऊन घ्यायचा, काढायचा, आणि दुसरा पैसे देऊन घालायचा."

"काढलेला जपून ठेवायचा. नाहीतर हुबेहूबपणा कमी होतो."

बाबांनी दुकानदाराकडे वळून बारीक स्क्रूकडे बोट दाखवलं आणि आयुष्यभराच्या इंग्रजीतून नेमका शब्द काढला, "लूज? व्हायब्रेशन?" पोरगा म्हणाला, येस सर, नेल पॉलिशचा एक थेंब टाकायचा. बाबांचा चेहरा प्रथमच खुलला. अख्ख्या दुकानात शहाणपणाचं बोलणारं माणूस त्यांना एकच भेटलं होतं.

मग त्यांनी गिटारच्या मानेवरून अंगठा फिरवला. "ही शिसव आहे."

होती. इंडियन रोझवूड म्हणजे आपली शिसवच. आपल्याकडून निघून ती इथे गिटारीच्या गळ्यात पडते. २०१७ साली या जातीच्या सगळ्या लाकडांवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि शिसवीला सरहद्द ओलांडायला कागदपत्रं लागू लागली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. भारतातून आलेली शिसव मोकळी झाली. भारतातून आलेला मी ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे.

"घे," बाबा म्हणाले. "लाकूड चांगलंय."

घेतली. घरी येताना सगळ्या रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. बोनस, वाढदिवस, गुंतवणूक, मुलीच्या कानावर संगीताचे संस्कार. एकही धड उभं राहीना. दारात बायकोने पेटी पाहिली, उघडायला लावली आणि विचारलं, "केवढ्याला?"

मी घसा खाकरला. पण माझ्याआधी बाबा पुढे झाले. शंभरावा भाग मिलिमीटर चुकला तरी माल परत पाठवणारा माणूस. त्यांना खोटं बोलताना मी आजवर ऐकलेलं नाही.

"अगं, नवी कुठली, जुनीच आहे," ते म्हणाले. "बघ की, कडा उडाल्यात, रंग गेलाय. १९५८ ची आहे."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. बायकोने गिटारकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, "१९५८ ची?" म्हणाली, आणि १९५८ ची केवढ्याला जाते ते बघायला फोन काढला.