लिन हॅरेल यांची क्लीव्हलंडमधील नऊ वर्षे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चेलो या व्हायोलिनच्या कुळातल्या, पण मोठ्या आणि खालच्या स्वराच्या वाद्याचे अमेरिकन वादक लिन हॅरेल यांच्यावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि परखडपणे लिहिलेत, याबद्दल आभार. आपण दाखवलेली चूक आधी मान्य करतो. एव्हरी फिशर हे वादकांना दिले जाणारे अमेरिकन पारितोषिक पहिल्यांदा हॅरेल यांना एकट्यांना मिळाले, असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात ते पियानोवादक मरे पेराया यांच्यासह विभागून देण्यात आले होते. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आपला मुख्य आक्षेप मात्र मला मान्य नाही. १९६२ ते १९७१ ही नऊ वर्षे हॅरेल यांनी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रा या वाद्यवृंदाच्या नोकरीत घालवली, एकलवादकाच्या दृष्टीने ती वाया गेली आणि तरीही मी निम्मा लेख त्यांवरच खर्च केला, असे आपण म्हणता. शंभर जणांच्या ताफ्यात बसलेल्या वादकाचा स्वर वेगळा ऐकू येत नाही, हे आपले विधान मागच्या रांगेतल्या वादकापुरते खरे आहे. परंतु १९६४ पासून, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षापासून, हॅरेल चेलो विभागाचे प्रमुख होते, आणि प्रमुखाची खुर्ची ही निराळी गोष्ट आहे. एखाद्या ओळीत गज वर न्यायचा की खाली, स्वर कुठे तोडायचा आणि कुठे धरून ठेवायचा, यात सगळा विभाग त्या खुर्चीकडे बघून वाजवतो. शिवाय रचनेत चेलोचा एकल भाग आला की तो त्यानेच वाजवायचा असतो.

याचा दाखला म्हणून जर्मन संगीतकार ब्राम्सच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्तोची, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेची, तिसरी गत (भाग) घ्या. गत सुरू होते तेव्हा पियानो गप्प असतो. खालच्या तंतुवाद्यांच्या मंद आधारावर एकटा चेलो ती लांबलचक धून उलगडत जातो, आणि नाव पियानोचे असलेल्या या रचनेत पियानोवादकाला हात मांडीवर ठेवून ऐकत बसावे लागते. चेलोवादकाची खरी पंचाईत इथेच आहे. त्याने फार पुढे येऊन वाजवले, तर पुढे पियानो अवतरतो तेव्हा त्याच्यासाठी जागाच उरत नाही. अंग चोरून वाजवले, तर धून जमिनीवरून उठत नाही. १९६६ मध्ये पियानोवादक रुडॉल्फ सेर्किन यांनी वाद्यवृंदाचे संचालक जॉर्ज सेल यांच्या संचालनाखाली क्लीव्हलंडबरोबर ही रचना ध्वनिमुद्रित केली, तेव्हा प्रमुखाच्या खुर्चीवर हॅरेल होते. आपण ज्यांना वाया गेलेली वर्षे म्हणता, त्यांच्या मधोमध हे ध्वनिमुद्रण येते.

सेल यांच्याविषयी आपण ‘हुकूमशहा’ हा शब्द वापरला आहे. त्यांचा धाक जगजाहीर होता, त्यामुळे त्या शब्दाशी मी भांडणार नाही. पण १९४६ पासून १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी या वाद्यवृंदाला जी सवय लावली, ती एकमेकांचे ऐकण्याची होती. चौघांच्या चमूने वाजवावे तसे शंभर जणांनी वाजवावे, असा त्यांचा आग्रह असे. ज्या मुलाचे वडील, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातले बॅरिटोन (मध्यम पट्टीचे पुरुष गायक) मॅक हॅरेल, १९६० मध्ये वारले आणि व्हायोलिनवादक आई १९६२ मध्ये मोटार अपघातात गेली, तो मुलगा अठराव्या वर्षी या शिस्तीत दाखल झाला. डॅलसमध्ये लेव्ह अ‍ॅरन्सन, न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड या संगीतविद्यालयात लेनर्ड रोझ आणि फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीतविद्यालयात ऑर्लँडो कोल, असे गुरू त्याला तोवर लाभले होते; हात तयार होता. कान सेल यांच्या तालमींत तयार झाला, असे माझे मत आहे, आणि लेखात मला एवढेच म्हणायचे होते.

लेनर्ड रोझ यांचे नाव निघालेच आहे, तर आपल्याच कसोटीवर त्यांनाही घासून पाहा. तेही आधी क्लीव्हलंडचे आणि नंतर १९५१ पर्यंत न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख चेलोवादक होते. विख्यात चेलोवादक योयो मा हे त्यांचेच शिष्य. वाद्यवृंदाच्या नोकरीने वादक बोथट होतो असे म्हणायचे, तर या परंपरेचे काय करायचे?

१९७१ नंतरच्या हॅरेल यांच्याबद्दल आपल्यात फारसा वाद नाही. व्हायोलिनवादक इट्झाक पर्लमन आणि पियानोवादक व्लादिमिर अश्केनाझी यांच्यासह केलेल्या त्रयीवादनाला दोनदा ग्रॅमी मिळाले. तेही पुन्हा ऐकून वाजवण्याचेच काम, हे जाता जाता सांगतो. इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गार यांचा चेलो कॉन्चेर्तो त्यांनी एकलवादक म्हणून ध्वनिमुद्रित केला तो संचालक लोरिन माझेल यांच्यासह, आणि पाठीशी वाद्यवृंद होता तो क्लीव्हलंडचाच. अध्यापनात त्यांनी ‘शक्ती उधळली’ हा आपला शेरा मला घाईचा वाटतो, पण लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक या संगीतविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे जेमतेम दोन वर्षे टिकले, हे नाकारता येत नाही.

विमानप्रवासाचा किस्सा लेखात कशाला, असेही आपण विचारले आहे. चेलोसाठी शेजारच्या आसनाचे पूर्ण तिकीट काढावे लागते. ते चेलोच्याच नावावर काढून हॅरेल विमान कंपनीच्या प्रवासी सवलत योजनेतले मैल जमवत राहिले, आणि २०१२ मध्ये कंपनीने वाद्याबरोबर त्यांचेही त्या योजनेतले सदस्यत्व रद्द केले. किस्सा मजेदार आहे म्हणून घेतला होता, दुसरे कारण नव्हते. तो काढून टाकायला माझी हरकत नाही. क्लीव्हलंडचा भाग मात्र आहे तसाच राहील. आपण ब्राम्सची ती गत एकदा ऐकावी, आणि पियानो सुरू होण्यापूर्वीच्या दोनेक मिनिटांत आपल्याला काय ऐकू आले ते इथेच लिहावे, अशी विनंती आहे.